डेकवरचा उतारू

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांना समुद्र नाही. आहे ती उल्हास नदी, आणि तिच्यातही भरतीचे पाणी कल्याणच्या खाडीपर्यंत येऊन मागे फिरते. अशा ठिकाणी व्याख्यानमालेच्या मंडपात उभे राहून आम्ही आगबोटींविषयी बोलणार, हे कोणाला विपरीत वाटले तर त्यात त्याची चूक नाही. परंतु समोर बसलेल्या मंडळींनी आपापल्या घराची दोन-तीन पिढ्यांमागची वाट आठवून पाहावी. उल्हासनगरातील कितीतरी घरांचे आजे-पणजे फाळणीनंतर कराचीच्या बंदरात बोटीवर चढले आणि मुंबईच्या गोदीत उतरले. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत राबलेल्या अनेक कोकणी कुटुंबांचा मूळ पुरुष वळकटी आणि ट्रंक घेऊन भाऊच्या धक्क्यावर उतरला. समुद्र नसलेली आमची ही गावे बोटींनी आणलेल्या माणसांनी भरली आहेत.

या विषयाला एक ताजे निमित्तही झाले. आमचे एक निवृत्त सहकारी हातात रंगीत माहितीपत्रक घेऊन आले. मुलाने आईवडिलांना समुद्रपर्यटनाला पाठवायचे ठरवले होते. आजच्या भाषेत क्रूझ. त्यांनी विचारले, “यातली कोणती कंपनी चांगली?” पत्रकात पोहण्याचे तलाव, नाचगाणी, जेवणाचे प्रकार आणि खिडकीच्या व बिनखिडकीच्या खोल्यांचे दर होते. आम्ही म्हटले, कंपनी चांगली की वाईट हे या पत्रकावरून सांगता येणार नाही. त्याला दुसरे माप लागते. ते माप कोणते आणि ते कोणी किती किंमत देऊन तयार केले, एवढेच आज सांगायचे आहे.

आमच्या कामगार संघटनेच्या कचेरीत पूर्वी दोन वृद्ध सभासद संध्याकाळी येऊन बसत. एक सिंधी, त्यांना सगळे दादा म्हणत. दुसरे देवगडकडचे तात्या. दोघांत एक वाद नेहमीचा असे, की कोणाची बोट अधिक वाईट. दादा म्हणत, “तात्या, तुमचा एका रात्रीचा प्रवास. आम्ही लहान पोरे दोन रात्री उघड्यावर होतो, आईने एका पेटीवर बसून काढल्या.” तात्या म्हणत, “दादा, तुमची बोट धक्क्याला तरी लागली. आमची भर समुद्रात उभी राहायची, आणि खाली हेलकावणाऱ्या पडावात म्हातारी माणसे खलाशी वरून हातोहात सोडायचे.” मग दादा हळूच म्हणत, “पण तुम्हांला शिमग्याला परत जाता येत होते.” तेथे वाद संपे. एक गोष्ट मात्र दोघांची सारखी होती. दोघांनीही केबिनचे दार कधी आतून पाहिले नव्हते. दोघेही डेकवरचे उतारू.

कंपन्यांची तुलना करायची तर ती डेकवरून करावी, असे आमचे मत या दोघांमुळे बनले. केबिन सगळ्याच कंपन्यांची बरी असते. तिचे पैसेच तेवढे घेतलेले असतात. कंपनीची नियत कळते ती सर्वांत स्वस्त तिकीट काढणाऱ्याला ती काय देते त्यावरून. म्हणून आम्ही तीन प्रश्न धरले आहेत. त्या माणसाला अंग टाकायला जागा किती? बोट बुडू लागली तर त्याच्यासाठी होडीत जागा आहे काय? आणि बोटीवर राबणाऱ्या माणसाला विश्रांती किती?

प्रथम मोठ्या घरची गोष्ट. पी. अँड ओ. ही विलायतेची टपाल वाहणारी मातबर कंपनी. १८३७ साली तिचा टपालाचा धंदा सुरू झाला आणि १८४४ च्या सुमारास तिने भूमध्य समुद्रातील सहलींची जाहिरात केली. आजच्या क्रूझचे मूळ पुष्कळजण तेथे शोधतात. मुंबईहून विलायतेस जाणारे बॅरिस्टर, साहेब, संस्थानिक याच बोटींनी जात. १९३१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी ‘मुलतान’ बोटीने गेले. त्याच महिन्यात, २९ ऑगस्टला, गांधीजी ‘राजपुताना’ बोटीने निघाले. गांधीजींनी दुसऱ्या वर्गाचे तिकीट घेतले होते, कारण त्या बोटीवर त्याहून खालचा वर्गच नव्हता. आमच्या दादांना किंवा तात्यांना त्या बोटीवर उतारू म्हणून पाऊल ठेवता आले नसते.

मात्र त्यांच्या भाऊबंदांना तेथे दुसऱ्या दाराने प्रवेश होता. पी. अँड ओ.च्या बोटींवर डेकवरचे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडील मुसलमान, आणि जेवणघरात वाढणारे बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती. सारंगाने माणसे भरायची, टंडेलाने हाकायची, भंडाऱ्याने रांधायचे आणि टोपसाने झाडायचे, अशी सगळी उतरंड आमच्याच मुलखाची होती. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने कितीतरी कमी. १९०६ च्या विलायती कायद्याने ब्रिटिश खलाशाला झोपण्यासाठी १२० घनफूट जागा देऊ केली. हिंदी लस्कराला त्या तरतुदीतून वगळले. बोट तीच, लाटा त्याच, परंतु झोपेची जागा कातडीच्या रंगावर ठरली. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे हे पी. अँड ओ.चे उत्तर.

डेकवरच्या उतारूंचा धंदा दुसरीकडे होता. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन ही स्कॉटलंडच्या मॅकिननने उभारलेली कंपनी; हिंदी महासागराच्या काठाकाठाने मजूर, व्यापारी, यात्रेकरू वाहून तिने पैसा केला. १९१४ साली ती पी. अँड ओ.शी एकत्र झाली. म्हणजे एकाच घराण्याचे दोन दरवाजे झाले. एक केबिनवाल्यांसाठी, दुसरा डेकवाल्यांसाठी. या दुसऱ्या दरवाजाला कोणी हात लावला तर कंपनी काय करी, याचे उदाहरण दक्षिणेत घडले. १९०६ साली चिदंबरम् पिळ्ळे यांनी तुतिकोरीन ते कोलंबो मार्गावर स्वदेशी बोट कंपनी काढली. तेव्हा ब्रिटिश इंडियाने भाडे उतरवीत उतरवीत शेवटी फुकट प्रवास देऊ केला आणि वर उतारूला एक छत्री भेट! स्वदेशी कंपनी मोडली, पिळ्ळे तुरुंगात गेले. फुकट मिळालेली छत्री किती महाग पडते, हे कामगार चळवळीतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

आता कोकणाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई ते गोवा किनाऱ्यावर शेफर्ड कंपनीच्या बोटी धावू लागल्या. पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन म्हणून प्रसिद्ध झालेली कंपनी ती हीच. कोकणात मात्र तिला जुन्या नावानेच ओळखत. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट चाले. पावसाळ्यात हा लांबचा मार्ग बंद. धक्के थोडे, बहुतेक ठिकाणी बोट बाहेर नांगरून भोंगा देई आणि पडाव तिच्या कुशीला येऊन भिडत. डेकवर ज्याने आधी वळकटी पसरली त्याची जागा. शेजारी कोंबड्यांची डालगी, आंब्याच्या पेट्या, नारळांची पोती. आणि वारा फिरला की अर्ध्या डेकला बोट लागलेली. तरीही या बोटींनीच मुंबईच्या गिरण्यांना माणूस पुरवला आणि कोकणाला मनिऑर्डर पोचवली, हे विसरता येणार नाही.

परक्या कंपनीची मक्तेदारी मोडण्याचा विचार येथेही आला. १९१९ साली शेठ वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी सिंधिया कंपनी काढली. तिची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. कोकणच्या किनाऱ्यावर इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन कंपनी निघाली, तिला लोकांनी प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हटले. बोटींना संतांची नावे दिली. ज्या उतारूला परक्याच्या बोटीवर हडतहुडूत होत असे, त्याला ‘माझी’ म्हणावी अशी बोट मिळाली. या एका शब्दात केवढा अभिमान आहे! आम्ही सहकाराचे आणि स्वदेशीचे पाईक आहोत; म्हणूनच पुढची गोष्ट आम्हांला लपवता येत नाही.

याच कंपनीची ‘रामदास’ बोट १९३६ साली इंग्लंडमधील स्वान हंटर कारखान्यात बांधलेली. लांबी १७९ फूट, वजन ४०६ टन. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सकाळी आठच्या सुमारास ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणासाठी घरी जाणाऱ्या माणसांनी बोट गच्च भरली होती. अर्ध्या-पाऊण तासात, काशाच्या खडकाजवळ, पावसाळी समुद्राच्या लाटांनी ती एका अंगावर कलली. घाबरलेली माणसे धावली, आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक जीव गेले. मुंबईला कित्येक तास पत्ता नव्हता. जे पोहत, वाहत काठाला लागले त्यांनीच बातमी आणली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळी बांधवांनी मासळी समुद्रात फेकली आणि माणसे होड्यांत घेतली, असे त्या किनाऱ्यावर अजून सांगतात.

बोट माझी होती, नाव संताचे होते, मालक स्वदेशी होते. समुद्राने यातले काही विचारले नाही. त्याने एवढेच पाहिले की बोटीवर माणसे किती, ती कोठे उभी आहेत आणि अशा हवेत बोट सोडावी की नाही हे ठरवणारा कोणी होता काय. मालकी बदलली म्हणजे माप आपोआप बदलत नाही, हा धडा आमच्या चळवळीलाही पुढे अनेकदा गिरवावा लागला.

येथे आमचा दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचा इतिहास जगाचा आहे. १८७६ साली सॅम्युअल प्लिमसोल याच्या आंदोलनाने इंग्लंडमध्ये बोटीच्या अंगावर भाररेषा काढणे सक्तीचे झाले. माल जास्त भरला की रेषा पाण्याखाली जाते आणि धक्क्यावरचा हमालसुद्धा ते पाहू शकतो. कामगारांच्या हिताचा इतका साधा आणि इतका शहाणा कायदा आम्हांला दुसरा माहीत नाही. पुढे १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली. तिच्यावर सुमारे २,२०० माणसे आणि होड्यांत जागा ११७८. पहिल्या वर्गातले सुमारे ६२ टक्के उतारू वाचले, तिसऱ्या वर्गातले सुमारे २५ टक्के. जग हादरले, आणि १९१४ च्या आंतरराष्ट्रीय कराराने प्रत्येक माणसामागे बचावाची जागा असली पाहिजे हे तत्त्व मान्य झाले.

परंतु ‘प्रत्येक माणूस’ म्हणजे कोण? १९३१ साली सिमल्याला परिषद भरली आणि ‘सिमला नियम’ झाले. हाजचे यात्रेकरू आणि डेकवरचे, म्हणजे बिछान्याची जागा नसलेले उतारू वाहणाऱ्या बोटींना जागतिक कराराचे सर्व नियम लावणे अव्यवहार्य ठरवून त्यांच्यासाठी निराळे, सौम्य नियम बांधले. हे नियम १९७१ च्या नव्या करारापर्यंत चालू होते. ‘रामदास’ परदेशी जाणारी बोट नव्हती, तिला ते लागू नव्हते; पण विचाराची जात तीच. ज्याचे तिकीट स्वस्त, त्याच्या जिवाचा हिशेब सैल. त्याविरुद्ध बाजू मांडणारे म्हणत, कडक नियम लावले तर भाडे वाढेल आणि गरिबाला प्रवासच करता येणार नाही. हे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. कराचीच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला होड्या मोजण्याची चैन परवडणारी नव्हती. १९४८ च्या जानेवारीत कराचीत दंगल उसळल्यावर जी बोट मिळेल तिच्यावर लोक चढले. त्यांतील हजारो माणसे कल्याणच्या लष्करी छावणीत आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. दादा म्हणत, “आम्हांला बोटीने वाचवले, मग आम्ही तिला नावे कशी ठेवू?” हे आम्ही समजतो. पण माणूस अगतिक आहे म्हणून त्याला कमी सुरक्षित जागा द्यावी, हा न्याय आम्ही मान्य करत नाही. अगतिकाला तर अधिक जपले पाहिजे.

कोकणच्या बोटी पुढे आणखी काही काळ चालल्या. चौगुले कंपनीची ‘कोकणसेवक’, मग मोगल लाईनचा कारभार, असे हात बदलत गेले. एस.टी.ने रस्ता धरला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि भोंग्याची वाट पाहणारे बंदर शांत झाले. आता समुद्रावर आली आहे ती हौस. २०१८ साली कान्होजी आंग्र्यांच्या नावाची ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर निघाली. २०१९ साली जलेश कंपनीची ‘कर्णिका’ आली; १९९० साली बांधलेले हे जहाज आधी पी. अँड ओ.च्या ऑस्ट्रेलियातील ताफ्यात होते. महासाथीच्या वर्षी, २०२० मध्ये, कंपनी बुडाली आणि ‘कर्णिका’ अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत गेली. २०२१ साली कॉर्डेलिया कंपनीने ‘एम्प्रेस’ आणली. तीही १९९० ची, आधी रॉयल कॅरिबियनची. बाहेरच्या जगात तर गावेच्या गावे तरंगू लागली आहेत. २०२४ साली निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर ७,६०० पर्यंत पाहुणे आणि सुमारे २,३५० कर्मचारी.

या बोटींवर डेकचा उतारू राहिला नाही, प्रत्येकाला पलंग आहे. तेव्हा पहिला प्रश्न सुटला असे म्हणता येईल. दुसऱ्याचे काय? १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे आलिशान जहाज खडकावर आपटून आडवे झाले. होड्या पुरेशा होत्या. तरी ३२ माणसे गेली. त्याच दिवशी चढलेल्या उतारूंची बचावाची कवायत अजून झालेली नव्हती, आणि कप्तान उतारूंआधी जहाज सोडून गेला. त्यानंतर, जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत घेतलीच पाहिजे, असा नियम झाला. आपल्या दारातले उदाहरण याहून ताजे आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ माणसे दगावली. धडकेचा दोष उतारू बोटीचा नव्हता, परंतु बोटीवर माणसे शंभराहून अधिक होती आणि सगळ्यांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हते. ‘रामदास’ला ७७ वर्षे होऊन गेली होती.

तिसऱ्या प्रश्नाकडे माहितीपत्रके पाहतही नाहीत. १९२० साली जिनोआ येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची खलाशांसाठी परिषद भरली. आठ तासांचा दिवस, ४८ तासांचा आठवडा, हा ठराव तेथे दोन-तृतीयांश मतांना थोडक्यात मुकला. त्यानंतर ८६ वर्षांनी, २००६ साली, सागरी कामगार करार झाला; भारताने तो २०१५ साली स्वीकारला. त्यात कामाची मर्यादा आहे २४ तासांत १४ आणि आठवड्यात ७२ तास. किंवा निदान विश्रांती २४ तासांत १० आणि आठवड्यात ७७ तास. आपल्या कारखान्यांतल्या ४८ तासांच्या आठवड्याशी हे ताडून पाहावे. त्यातून पुष्कळशी जहाजे झेंडा लावतात पनामाचा किंवा बहामाचा, मालक तिसऱ्या देशाचा आणि कामगार चौथ्या देशाचा; तक्रार कोणत्या दारी न्यावी, हेच त्याला उमगत नाही. आमच्या गावांतील हॉटेलच्या कामाचे शिक्षण घेतलेली मुले आज या जहाजांवर आहेत. चांगला पगार मिळतो म्हणून ती जातात, आणि गेलीच पाहिजेत. पण हसत हसत वाढणाऱ्या त्या मुलाची पाळी किती तास चालली आहे, हे पाहुण्याने एकदा तरी मनात आणावे. रत्नागिरीच्या लस्कराचा तो नातू आहे.

शेवटी घराजवळ येऊन थांबू. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला पूर आला आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान, चामटोलीजवळ पाण्यात अडकली. भोवती समुद्र व्हावा तसे पाणी. आपत्ती निवारण दलाच्या आणि नौदलाच्या रबरी होड्या आल्या, आसपासचे गावकरी धावले, आणि गाडीतील सुमारे १,०५० माणसे सुखरूप बाहेर निघाली. त्या दिवशी होडीत कोणाला आधी घ्यायचे हे तिकिटाच्या वर्गावरून ठरले नाही. म्हातारे, बाया, मुले आधी, एवढाच नियम होता. समुद्र नसलेल्या बदलापुराने आगबोट कंपन्यांना दाखवावे असे हे उदाहरण आहे. आमच्याच गावांहून रोज सकाळी दाराला लोंबकळत सुटणाऱ्या लोकलला हा हिशेब कोण लावणार, हा प्रश्न मात्र ते उदाहरण मिटवत नाही. तेथे भाररेषा अजून कोणी काढलेली नाही.

आमच्या निवृत्त सहकाऱ्यांना आम्ही शेवटी सांगितले ते असे. खुशाल जा. आयुष्यभर पाळ्या केल्यात, आता चार दिवस समुद्र पाहा. पण चढल्यावर तलाव पाहण्याआधी आपली होडी कोणत्या बाजूला आहे ते पाहा. कवायतीला उभयतां हजर राहा. कंटाळा आला तरी. जेवण वाढणाऱ्याचे गाव विचारा. आणि संध्याकाळी मोकळ्या डेकवर गार वारा सुटला, की क्षणभर तेथेच पेटीवर बसून दोन रात्री काढणाऱ्या एका आईची आठवण करा.

ते जाऊन आले. होडी डाव्या बाजूला होती, असे त्यांनी येऊन सांगितले. वाढणारा मुलगा मालवणचा निघाला.